लॅब्रेडॉर की जर्मन शेफर्ड? आधी घरातली दुपार पाहा

घरात कुत्रा आणायचं ठरलं, मोठ्यांचा होकार मिळाला, की बहुतेकांची गाडी याच दोन नावांपाशी येऊन अडते. मुलांना लॅब्रेडॉर हवा असतो, कारण शेजारच्या सोसायटीतला लॅब त्यांच्या अंगावर उड्या मारून खेळलेला असतो. वडिलांच्या मनात जर्मन शेफर्ड असतो. त्यांच्या लहानपणी एखाद्या बंगल्याच्या फाटकामागे 'अल्सेशियन' असायचा आणि त्याचा दरारा त्यांना अजून आठवतो. (अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड ही एकच जात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून ते दुसरं नाव पडलं.) मग मला विचारलं जातं, दोघांत चांगला कोणता? लॅब राखण करतो का? शेफर्ड मुलांना चावतो का? फ्लॅटमध्ये कोणता राहील?

मी उलट एकच विचारते. दुपारी दोन वाजता तुमच्या घरात कोण असतं?

कुत्र्याचा निर्णय होतो संध्याकाळी, सगळे घरी असताना, उत्साहात. कुत्र्याचा दिवस मात्र दुपारचा असतो. नोकरीवाले कामावर, मुलं शाळेत. घरात आजी, किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, किंवा कुणीच नाही. पुढची दहा-बारा वर्षं कुत्र्याला त्या माणसाबरोबर काढायची असतात, आणि निवडताना नेमकं त्याच माणसाला कुणी विचारलेलं नसतं. या लेखात मी दोन्ही जातींचं जे सांगणार आहे, ते त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

आधी कागदावर लिहून काढा

- दुपारी घरात कोण असतं? सलग किती तास घर बंद असतं?
- पट्टा धरणाऱ्यांत सगळ्यात अशक्त हात कुणाचा?
- दाराची घंटा दिवसातून किती वेळा वाजते?
- तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे का?
- सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास रोज कोण देणार? इथे एक नाव लिहा. 'आपण सगळे' हे उत्तर धरू नका. सगळ्यांचं काम पावसाळ्यातल्या सकाळी साडेसहाला कुणाचंच नसतं.

अशक्त हाताचा प्रश्न वजनाशी बांधलेला आहे. पूर्ण वाढलेला लॅब्रेडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोचा, मादी २५ ते ३२ किलोची. जर्मन शेफर्ड नर ३० ते ४० किलोचा आणि खांद्यापाशी ६० ते ६५ सेंटिमीटर उंच, मादी २२ ते ३२ किलोची. रस्त्यात मांजर दिसली की हे सगळं वजन एका झटक्यात पट्ट्यावर येतं. सत्तरीतल्या आजींना किंवा दहा वर्षांच्या मुलाला तो झटका पेलत नाही. चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडणार असेल, तर दोन्ही जातींत मादी निवडा, आणि पट्टा न ओढता चालणं सहा महिन्यांच्या आत शिकवून घ्या.

मजल्याबद्दल फार कमी लोक विचार करतात. ओळखीच्या एका घरी, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लॅब्रेडॉर होता. आठ वर्षं तो जिना धावत उतरला. नवव्या वर्षी त्याचे मागचे पाय धरले. मग दिवसातून तीन वेळा बाप-लेक त्याला चादरीच्या झोळीत घालून खाली आणत आणि पुन्हा वर नेत. दोन वर्षं त्यांनी हे केलं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा झोळीचं दुसरं टोक धरायला रोज शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. तुम्ही लिफ्टशिवाय दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर माझं उत्तर दोन्ही जातींना नाही असंच आहे.

सलग आठ-नऊ तास घर बंद राहत असेल तर कोणत्याच जातीचं पिल्लू आणू नका. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीनेक तासांपलीकडे शू धरवत नाही, आणि एकटेपणा तर त्याहून आधी सोसवेनासा होतो. अशा घरांसाठी एक वाट आहे, ती शेवटी सांगते.

दोघांचा मूळ धंदा

लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे कामाला होते. गार पाण्यात उडी मारायची, सुटलेली जाळी आणि निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेला पक्षी दात न लावता उचलून आणणारा कुत्रा म्हणून त्याची पैदास झाली, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने ही जात मान्य केली. आज तुमच्या घरी जो चपला, टॉवेल आणि रिमोट तोंडात घेऊन फिरतो, तो हाच वारसा चालवत असतो. अनोळखी माणसांच्या घोळक्यात काम करायचं असल्यामुळे माणसांवर संशय घेणाऱ्या लॅबचा कुणाला उपयोगच नव्हता.

जर्मन शेफर्ड हा मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळ अधिकाऱ्याने होरांड नावाचा एक कुत्रा विकत घेतला आणि त्याच्यापासून जातीची नोंद सुरू केली. मेंढ्यांचा कळप पिकात शिरू नये म्हणून दिवसभर शेताच्या कडेने येरझारा घालायच्या, कोण हद्द ओलांडतंय ते पाहायचं आणि मालक दूर असेल तर स्वतः ठरवायचं, हे त्याचं काम. म्हणूनच घरातला शेफर्ड सगळी माणसं एका खोलीत येईपर्यंत बसत नाही, आणि मुलं धावू लागली की त्यांच्या टाचांमागे लागतो.

लॅब्रेडॉर: गरीब, पण उशिरा शहाणा होणारा

'लॅब गरीब असतो' हे खरं आहे. पण तो गरीब व्हायला दोन वर्षं लागतात, हे कुणी सांगत नाही. आठव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो मोठ्या अंगात शिरलेलं पिल्लूच असतो. दरवाजाची चौकट कुरतडेल, सोफ्याचा कापूस काढेल, आनंदाच्या भरात आजीला पाडेल. मला लॅब परत करण्याबद्दल जे फोन येतात, त्यातले बहुतेक याच वयाचे असतात. आणणाऱ्यांनी सहा आठवड्यांचा कापसाचा गोळा पाहिलेला असतो, या वयाचा कुत्रा कधी पाहिलेला नसतो.

दुसरी गोष्ट भुकेची. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण एक चतुर्थांश लॅब्रेडॉरांमध्ये पोट भरल्याचा संदेश देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे तुमचा लॅब ओट्याखाली बसून केविलवाणं पाहतो तेव्हा कदाचित त्याला खरोखरच भूक लागलेली वाटत असते. तरीही मापानेच द्यायचं. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून चौदा वर्षं एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. कोणत्याही औषधाने मिळत नाहीत अशी ही दोन वर्षं आहेत, आणि ती वाटीच्या मापात आहेत.

आपल्या घरांत हे माप दुपारी मोडतं. आजी पोळीचा तुकडा देते, आजोबा चहाबरोबर बिस्किट देतात, मुलगा टोस्ट देतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच देतोय. त्यावर साधा उपाय असा, की दिवसभराचं अन्न सकाळी एका डब्यात मोजून ठेवा. ज्याला लाड करायचे त्याने त्या डब्यातूनच करायचे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. बोटं फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

काही गोष्टी लॅबच्याच काय, कुठल्याही कुत्र्याच्या तोंडी जाता कामा नयेत: कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्यातच आले. आंब्याची कोय, मोजे आणि मक्याचं कणीस गिळून आतडं अडल्यामुळे शस्त्रक्रिया कराव्या लागतात. मे महिन्यात कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच.

राखणीचं काय? लॅब भुंकतो, आणि दाराआडचा मोठा आवाज बहुतेक वेळा पुरतो. आत आलेल्याला तो अडवेल ही अपेक्षा ठेवू नका.

जर्मन शेफर्ड: पहारा आपोआप येतो, पाहुणा शिकवावा लागतो

आता दाराच्या घंटेकडे येऊ. आपल्या घरांची दारं दिवसभर उघडत असतात. दूध, पेपर, कचरा, कामाच्या ताई, कुरिअर, इस्त्रीवाला, 'काकू, थोडं विरजण आहे का' म्हणत आलेली शेजारची मुलगी. चैत्रात हळदीकुंकू, भाद्रपदात गणपतीच्या दर्शनाला येणारी वीस-पंचवीस माणसं. लॅबसाठी हा सगळा सण असतो. शेफर्डसाठी यातला प्रत्येक माणूस हद्द ओलांडणारा असतो, आणि त्याबद्दल काहीतरी करणं हे त्याला आपलं काम वाटतं.

हे शिकवता येतं. चांगला शिकवलेला शेफर्ड पाहुणा आला की आपल्या चटईवर जाऊन बसतो आणि तुम्ही सांगेपर्यंत उठत नाही. पण त्यासाठी काम करावं लागतं आणि ते वेळेत करावं लागतं. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे पाहतं, ते त्याच्या जगात 'नेहमीचं' ठरतं. म्हणून या दिवसांत त्याला दाखवा:

- काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, उघडी छत्री, रेनकोट
- रडणारं बाळ, धावणारी मुलं, चाकांची खुर्ची
- कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट, रिक्षा, लांबून ऐकू येणारे ढोल-ताशे
- वेगवेगळ्या वयाची आणि वेशाची माणसं, आणि प्रत्येकाकडून खाऊचा एकेक दाणा

लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर जमिनीवर उतरवू नका, कडेवर घेऊन फिरवा. 'लसी होऊ देत, मग बाहेर काढू' म्हणत चार महिने पिल्लू घरात कोंडलं, की पुढे घंटा वाजली की घर डोक्यावर घेणारा शेफर्ड तयार होतो. ही चूक मी स्वतः माझ्या पहिल्या शेफर्ड मादीच्या बाबतीत केली. तिने पुढची सहा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या गॅस सिलिंडरवाल्याला दारात उभं राहू दिलं नाही. प्रत्येक वेळी तिला आतल्या खोलीत न्यावं लागे, आणि त्या कोंडण्याचा तिला होणारा त्रास मला बाहेर ऐकू येई.

बंगल्यांमध्ये याच्या उलट एक चूक होते. कुत्रा 'कडक' व्हावा म्हणून त्याला दिवसभर फाटकाशी साखळीला बांधतात आणि रात्री सोडतात. बांधलेला शेफर्ड कडक होत नाही, भित्रा आणि चिडका होतो. घाबरलेला कुत्रा कुणाला चावायचं ते पारखून घेत नाही, त्याचा पहिला चावा बहुधा घरातल्या मुलाला किंवा माळ्याला बसतो. शेफर्ड घरातच राहायला हवा, माणसांच्या पायांशी. कुटुंबात राहिलेला शेफर्ड हद्दीची काळजी आपणहून घेतो.

त्याच्या डोक्यालाही काम लागतं. एक तास चालवून आणलात तरी तो घरी येऊन विचारेल, आता काय? रोज पंधरा मिनिटं पुरतात. खाऊ लपवून हुंगून शोधायला लावा, नावं सांगून वस्तू आणायला लावा, 'थांब', 'ये', 'जागेवर' याची उजळणी घ्या. शिकवताना मारू नका. या जातीला मार विसरता येत नाही, आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडाला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

लहान मुलं असतील तर

दोन्ही जाती मुलांबरोबर छान वाढतात. धोका वेगवेगळा असतो. लॅब दोन वर्षांच्या बाळाला शेपटीने पाडतो. शेफर्डला घरातली मुलं आपली वाटतात, पण त्यांच्याशी लुटुपुटुची मारामारी करणारा त्यांचा मित्र त्याला आपला वाटेलच असं नाही. सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत कधीही एकटं ठेवू नका, जात कोणतीही असो आणि कुत्रा कितीही भला असो. खाताना आणि झोपताना त्याला हात लावायचा नाही, हे कुत्र्याला नाही, मुलाला शिकवायचं असतं.

चावा बसलाच, अगदी घरच्या लसवंत कुत्र्याचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

ऊन, पाऊस, केस

दोघांच्याही अंगावर केसांचे दोन थर असतात आणि दोघांचेही केस वर्षभर गळतात. शेफर्डचे जरा जास्त. घरात दमा असलेलं माणूस असेल तर आधी दोन-तीन वेळा कुत्रा असलेल्या घरी जाऊन बसा, मग ठरवा. उन्हाळ्यात 'गार वाटेल' म्हणून केस भादरू नका, तो थर उन्हापासूनही वाचवतो. नागपूर, अकोला, जळगावकडच्या वाचकांनी एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच चालवावं. तळहात डांबरावर पाच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पायही टेकत नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पंजे आणि कान रोज कोरडे करा. लॅबला पाणी दिसलं की तो शिरणारच, म्हणून साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. गोचिडांचं औषध आपल्याकडे बाराही महिने लागतं. गोचीड ताप कुत्र्याचा जीव घेतो. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रक्ततपासणीला उशीर करू नका.

कोणती दुखणी कुणाला

खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष दोन्ही जातींत आहेत, ते आईवडिलांकडून येतात. शेफर्डमध्ये आणखी काही गोष्टी आढळतात:

- पोट फुगून पिळणं. पोट ढोलासारखं होतं, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही, बेचैन होतो. सकाळपर्यंत थांबू नका, काही तासांचा खेळ असतो.
- स्वादुपिंडाचं पाचक रस न करणं. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत जातो.
- म्हातारपणी मागच्या पायांतली शक्ती हळूहळू जाणं.

लॅबचा मोठा शत्रू वजन. त्याखालोखाल कानांचे संसर्ग.

पिल्लांच्या बाबतीत एक सवय मोडायलाच हवी. मोठ्या जातीचं पिल्लू म्हटलं की दुकानदार कॅल्शियमची बाटली हातात देतो, आणि 'कान उभे राहायला' म्हणून शेफर्डच्या पिल्लांना तर ती चमच्याने पाजली जाते. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमने हाडांचे विकार होतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं पूर्ण अन्न देत असाल तर वेगळं काही लागत नाही. घरचं अन्न द्यायचं असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या. दूध-पोळीवर यांचं शरीर बनत नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका, पहिले तीन महिने जिना चढू-उतरू देऊ नका. नसबंदी दोन्ही जातींत साधारण वर्ष उलटल्यावर करणं सांध्यांच्या दृष्टीने बरं, नेमकी वेळ पशुवैद्यांशी बोलून ठरवा.

पिल्लू घेताना कुठे फसगत होते

'डबल कोट', 'हेवी बोन', 'चॅम्पियन ब्लडलाइन', 'ओरिजनल' हे शब्द ऐकू आले की खिशातलं पाकीट खिशातच राहू द्या. दोन्ही जातींत केसांचे दोन थर असतातच, त्यासाठी जादा पैसे द्यायचं काहीच कारण नाही. जड हाडाचं आणि जाडजूड पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे. शेफर्डमध्ये पाठ मागे फार उतरलेली आणि मागचे पाय वाकवून चालणारे आईबाप असतील तर ते पिल्लू घेऊ नका, कितीही बक्षिसं दाखवली तरी.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. 'पस्तीस दिवसांचं आहे, लगेच घ्या, लळा लवकर लागेल' असं म्हणणारा माणूस नियमही मोडतो आणि पिल्लूही. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं जास्त चावरी आणि घाबरट निघतात.

जागेवर जाऊन हे पाहा आणि मागा:

- पिल्लांची आई. ती तुमच्यापासून लपत असेल किंवा अंगावर येत असेल तर परत फिरा. पिल्लाचा स्वभाव तिच्यात आजच दिसतो.
- आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे. बहुतेक जण नाही म्हणतील, पण मागणारे वाढले तरच काढणारे वाढतील.
- जंताच्या औषधाची आणि लसींची नोंदवही, तारीख आणि पशुवैद्याच्या सहीसकट.
- पैशांची पावती. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, आरोग्याची हमी देत नाहीत.
- पार्वो हा संसर्गजन्य आजार झालेल्या घरातलं पिल्लू नाही ना, हे स्पष्ट विचारा. घरी नेल्यावर दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवा.

रस्त्यात, मॉलच्या पार्किंगमध्ये, 'तुमच्या दारात आणून देतो' म्हणून येणारं पिल्लू घेऊ नका. दया येते हे मला कळतं. पण त्या दयेच्या पैशांवर त्याची आई पुन्हा गाभण केली जाते.

सोसायटी, परवाना आणि तुमचे हक्क

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना छापून घरात ठेवा. त्यांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याच्या आकारावरून अडवता येत नाही, आणि लिफ्ट वापरायला मनाई किंवा वेगळं शुल्कही लावता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र करारनामा वाचून मालकांची लेखी परवानगी घ्या.

शेफर्डवर सरकारी बंदी आली आहे, असं काही सोसायट्यांत सांगितलं जातं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींबद्दल परिपत्रक काढलं होतं, त्यात कॉकेशियन शेफर्ड, मध्य आशियाई शेफर्ड अशी नावं होती. गोंधळ तिथून झाला. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉर त्या यादीत नव्हतेच, आणि ते परिपत्रकही पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं.

हक्कांइतकंच तुमचं देणं आहे:

- मुंबई, पुणे अशा महापालिकांच्या हद्दीत परवाना काढावा लागतो. त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो.
- बाहेर पट्टा कायम हातात हवा. विष्ठा उचलायची, तीही स्वतः.
- तुमच्या हलगर्जीने कुत्र्यापासून कुणाला इजा होण्याची वेळ आली, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- कुत्रा सोडून देणं आणि त्याला कायम साखळीला बांधून ठेवणं हे दोन्ही प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हे आहेत.

गावी न्यायचा असेल तर रेल्वेत पहिल्या वर्गाची पूर्ण केबिन किंवा कूपे तुमच्या नावावर हवी, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं. ती पेटी या आकाराच्या कुत्र्याला त्रासाची असते. दर दिवाळीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने आधी गाडीत मागची सीट मोकळी राहते का, ते पाहावं.

तर कोणता?

दुपारी घरात आजी-आजोबा आहेत, माणसांची ये-जा खूप, मुलं शाळेच्या वयाची, कुत्रा पाळायची पहिलीच वेळ, लिफ्ट आहे: लॅब्रेडॉर मादी घ्या, आणि पहिली दोन वर्षं घरातल्या एका तरण्या माणसाने तिची जबाबदारी नावानिशी घ्यावी.

अंगण आहे, गावाबाहेर किंवा मळ्यात घर आहे, दुपारी घरात हातीपायी धड आणि शिकवायची आवड असलेलं माणूस आहे, पाहुणे बेताचे: जर्मन शेफर्ड घ्या. त्याच्याइतका जीव लावणारा कुत्रा मी पाहिलेला नाही. पण घरातल्या निदान एका माणसाला आधी कुत्रा वाढवल्याचा अनुभव हवा.

राखणीसाठी शेफर्ड हवा आणि वेळ मात्र लॅबइतकाही नाही, अशा घरांनी चांगलं कुलूप आणि कॅमेरा घ्यावा.

दिवसभर घर बंद असेल, पण सकाळ-संध्याकाळ मनापासून देता येत असेल, तर चार-पाच वर्षांचा कुत्रा दत्तक घ्या. मी मघाशी म्हटलेली वाट हीच. या दोन्ही जातींचे मोठे कुत्रे मालकांनी सोडल्यामुळे प्राणी संस्थांकडे येतात. त्यांचा स्वभाव आजच समोर दिसतो, शी-शूची शिस्त बहुधा असते, आणि ते दुपारभर झोपतात. तिथेच आपली देशी कुत्रीही असतात. आपल्या हवेत रुजलेली, आटोपशीर अंगाची, कमी दुखणी असणारी. दोन नावांपैकी एकही तुमच्या कागदाशी जुळलं नाही, तर त्यांच्याकडे एकदा नक्की पाहा.

आणि पिल्लाचे पैसे देण्याआधी एक करा. ती जात असलेल्या ओळखीच्या घरी, कामाच्या एखाद्या दिवशी, दुपारी एक ते चार जाऊन बसा. तिथला कुत्रा दीड वर्षाचा असेल तर उत्तम. तुमच्या घरी दुपारी जे माणूस असतं, त्याला बरोबर न्या आणि घरी आल्यावर पहिलं मत त्यालाच विचारा.